‘सी’चे दोन ‘एन’

शब्द ध्वनीत असतो की ध्वनीपलीकडे, हा वैयाकरण आणि मीमांसक यांचा जुना वाद. माझ्यापुरता तो हौशी रेडिओवर, सात मेगाहर्ट्‌झवर पुन्हा उभा राहिला.

संगणकाकडून मोर्स पाठवायचं म्हणून यूएसबी-सिरियल अडॅप्टरची डीटीआर लाइन ऑप्टोकपलरमार्फत रिगच्या (रेडिओच्या) की-जॅकला जोडली होती. साइडटोन (पाठवताना आपल्याला ऐकू येणारा सूर) स्वच्छ, पॉवर पुरेपूर. तरी मिरजेच्या हॅम मित्रांचा फोन आला, “अहो, सीक्यू कुठंय? मला दोन एन ऐकू येतायत!” ‘सीक्यू’ ही सगळ्यांना घातलेली हाक.

डमी लोड लावून हाताची की जोडली; सगळं ठीक, म्हणजे रिग निर्दोष. ऑप्टोकपलर बदलला, केबलवर फेराइट चढवला, फरक शून्य. शेवटी साइडटोन रेकॉर्ड करून त्याची लहर स्क्रीनवर ताणली, तेव्हा दोष डोळ्यांना दिसला. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात डिट, म्हणजे छोटा टोन, ६० मिलिसेकंदांचा. अक्षराच्या आतली शांतता तेवढीच, दोन अक्षरांमधली १८०. ‘सी’ म्हणजे डा-डिट-डा-डिट; डा हा लांब टोन. त्यातली मधली शांतता दीडशेच्या पुढे गेली होती. संगणक दुसऱ्या कामात गुंतला की डीटीआर हलवायला उशीर करी, आणि ‘सी’ मधोमध फाटून डा-डिट, डा-डिट असे दोन ‘एन’ होत.

चारही टोन पोचले होते, क्रमही तोच. बिघडली होती शांतता.

वैयाकरणांतला भर्तृहरी ध्वनीचे दोन प्रकार मानतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद प्राकृत ध्वनीचा. द्रुत-विलंबित गतीचा भेद वैकृताचा, आणि त्या गतीने शब्द बदलत नाही. मोर्सइतकं याचं नेमकं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. वेग १२ करा की २५, ‘सी’ तो ‘सी’च. प्रमाण मोडलं की मात्र तो गेला. आणि त्या प्रमाणात शांततेचीही मात्रा धरावी लागते. जुन्या अमेरिकन मोर्समध्ये तर ‘सी’ म्हणजे दोन डिट, मोठा खंड, मग एक डिट. खंड आखडला की ‘एस’. तिथे शांतता अक्षराचाच अवयव होती.

मीमांसक कुमारिल म्हणेल, वर्ण आणि त्यांचे संस्कार पुरेत, वैयाकरणांचा स्फोट, म्हणजे अखंड शब्द, कशाला? डीकोडर सॉफ्टवेअर त्याच्याच बाजूचं. ते अक्षराला अक्षर जोडत जातं. पण सराव झालेल्या कानावर ‘सीक्यू’ अखंड पडतो, अक्षरं सुटी होत नाहीत. मी भर्तृहरीच्या बाजूचा.

दुरुस्ती सोपी निघाली. आता संगणक छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला नुसतं ‘सी’ एवढंच कळवतो. मात्रा तो बोर्ड सांभाळतो, त्याला दुसरं कामच नाही. बुद्धीत आधी अखंड शब्द आणि मग प्राणाने त्याला काळात उलगडणं, हा भर्तृहरीचा क्रम इथे जवळपास तसाच आहे. जवळपासच, कारण संगणकाला बुद्धी नाही, ‘सी’ काय ते बोर्डालाही ठाऊक नाही. ते ठाऊक आहे मला आणि मिरजेला. म्हणून तारेत वा लहरीत शब्द शोधणं मला पटत नाही. आम्हा दोघांत तो आधीच असतो, आणि त्या साठ मिलिसेकंदांवाचून तो प्रकटही होत नाही.