सुक्कोथ आणि आपली परसबाग



कोकणात आपले वाडवडील तिश्रीच्या चवथ्या दिवशी खिरीचा सण पाळीत. नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर करीत, ऊद जाळून शेमा म्हणत आणि मग ती खात. हाईम सामुएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवला छापून निघालेल्या इतिहासात याची नोंद आहे. तेलाच्या घाण्यावर राबणाऱ्या त्या माणसांना सुक्का बांधण्याचा विधी आठवत नव्हता, पण पीक घरात आले की देवाचे नाव घ्यायचे, हे त्यांनी सोडले नाही.

इंग्लंडात आपल्यापैकी पुष्कळांच्या घरामागे बाग आहे. काहींनी कौन्सिलकडून अलॉटमेंटही घेतलेली असते. सुक्कोथ येतो तो सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, ऐन कामाच्या गर्दीत. बटाटे काढायचे, बीट उपटायचे, पिकण्याची आशा नसलेल्या हिरव्या टोमॅटोंची चटणी करायची, कैरीऐवजी ब्रॅम्ली सफरचंदाचे लोणचे घालायचे आणि थंडीआधी शेडचे गळके छप्पर दुरुस्त करायचे. नेमक्या त्याच आठवड्यात तोरा आपल्याला गळके छप्पर बांधून त्याखाली बसायला सांगते! कोठार भरले, आता कोणाची गरज उरली नाही, असे माणसाला वाटू लागते, तेव्हाच त्याला घराबाहेर बोलावले आहे.

छपराचा नियम बागवाल्यांनी नीट समजून घ्यावा. छप्पर जमिनीतून उगवलेल्या वस्तूचेच हवे. ताडपत्री किंवा प्लास्टिकचे पत्रे चालत नाहीत, काचेची कन्झर्व्हेटरी तर नाहीच. पण ते अजून जमिनीला जोडलेले असूनही चालत नाही. मिश्नाने द्राक्षवेल, भोपळ्याची वेल आणि आयव्ही यांची नावे घेऊन सांगितले आहे की, अशी उभी वेल मांडवावर चढवून त्याची सुक्का होत नाही. ती कापावी लागते. कापून तशीच सोडू नये, उचलून पुन्हा ठेवावी, असेही रब्बींनी पुढे म्हटले. कारण सुक्का आपण करायची असते, आपोआप झालेली चालत नाही. झाडाखालीही ती उभारू नये. कोकणात झावळ्या मिळत. येथे कुंपणाच्या छाटणीतल्या लॉरेलच्या फांद्या आणि बांबू सोयीचे पडतात.

या नियमाने मला पुष्कळदा धीर दिला आहे. अलिबाग, पेण, मुंबई सोडून आलेली आपण माणसे, मुळापासून तुटलो म्हणून हळहळत असतो. पण सावली धरण्याचे काम शास्त्राने तुटून आलेल्या फांदीलाच दिले आहे.

ही सावली कोणावर धरायची? देवारीमच्या सोळाव्या अध्यायात मुलगा, मुलगी, नोकर, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना या सणाच्या आनंदात घ्यायला सांगितले आहे. आपण मनाने उदार आहोत. फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या एखाद्या वृद्ध बाईंच्या दाराशी बटाट्यांची नि मेथीची पिशवी ठेवून येतो. ते चांगलेच. शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडण्याची पेआची आज्ञा तशीच आहे. पण ती आज्ञा वेगळी. या सणात त्यांना नुसता वाटा द्यायचा नसून आपल्यात बसवायचे आहे. पिशवी ठेवून परत फिरणे सोपे. त्यांना घेऊन येणे, खुर्ची नि शाल देणे आणि त्यांची तीच जुनी गोष्ट पुन्हा ऐकणे, याला वेळ लागतो. पहिल्या दोन दिवसांत गाडी चालवता येत नाही, म्हणून मधल्या दिवसांत, होल हामोएदला आणावे.

आणि पाऊस आला तर? पानातला दाट पदार्थ बिघडेल इतका पाऊस पडला की सुक्का सोडावी, असे मिश्ना सांगते. त्यानंतरही हट्टाने भिजत बसणाऱ्याला रब्बींनी अडाणी म्हटले आहे. तेव्हा खिरीचे पाणी होण्याआधी उठावे, आणि पाहुण्यांसह आत जाऊन पंगत पुढे चालू ठेवावी. शेमिनी अथ्सेरेथला आपण पावसाची प्रार्थना म्हणतो तेव्हा येथली मुले हसतात. तो पाऊस इरेत्स इस्राएलसाठी मागतो, हे त्यांना सांगावे. येथला न मागता येतो.

दारफाळणीचा सण आणि सुक्कोथ यांच्यामध्ये चारच दिवस मिळतात, आणि बांबू बांधण्यात ते कसे जातात कळत नाही. दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, आपले वाडवडील दानधर्म करीत, एकमेकांच्या घरी जात. कोणाला बोलवायचे ते त्याच दिवशी ठरवावे, आणि फोन न करता स्वतः जाऊन सांगून यावे.