पाहण्याचा अधिकार

छायाचित्रकार सुनील जाना पुढे देशभर हिंडले, मंदिरशिल्पेही त्यांनी टिपली. पण त्यांचे नाव झाले ते १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात. पूरणचंद जोशींसमवेत गावोगाव फिरून घेतलेली त्यांची उपासमारीची चित्रे ‘पीपल्स वॉर’ पत्रात प्रसिद्ध झाली.

मरणोन्मुखाच्या मुखी पाणी घालावयाचे सोडून त्याच्यावर कॅमेरा रोखणे हा धर्म काय? देवळात आपण दर्शन घेतो तेव्हा देवही आपल्याकडे पाहतो, अशी आपली श्रद्धा. येथे तसे नाही. भुकेल्याला नकार देण्याचेही त्राण नसते. तरी मला जानांचे करणे योग्यच वाटते. ओंजळभर पाणी एकालाच पुरते. चित्र पाहून शेकडो हात पुढे होऊ शकतात. पण पाहून ज्याने मूठभर तांदूळही धाडले नाहीत, त्याला ते पाहण्याचा अधिकार कोणी दिला?