कागद दाखवायचा कुणाला?

दिघंची, ता. आटपाडी

चि. वैशाली हिस,



तुरुंग अधिकारी म्हणून तुझी निवड झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं तेव्हा ती निम्मी हसत होती, निम्मी रडत होती. "आमच्या घरातला एक आधीच तुरुंगात जाऊन आलाय, आता दुसरी चालली," म्हणाली. जाऊन आलेला तो मी. सुतारकाम निदेशक म्हणून सव्वीस वर्षं. गावात अजून कुणी माझी ओळख करून देताना "हे तुरुंगात होते" एवढं म्हणतो आणि मुद्दाम थांबतो. थट्टाच असते. पण तेवढ्या वेळात समोरच्याचा चेहरा बदलतो, बाकावर तो अंगुळभर सरकतो, हे मी नीट पाहून ठेवलंय. मी तर पगार घेऊन आत जात होतो, पोरी.

येरवड्याच्या दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालयात तुला कायदा, कवायत, नोंदवह्या सगळं शिकवतील. त्यात मी तोंड घालत नाही. मी कारखान्यातला माणूस, तिथलं सांगतो.

आमच्या सुतारशाळेत भिंतीवर एक मोठी फळी होती. जिथं पटाशी टांगायची तिथं पटाशीचाच आकार काळ्या रंगानं काढलेला, रंध्याच्या जागी रंध्याचा, करवतीच्या जागी करवतीचा. संध्याकाळी बराकीत परतण्याआधी सगळी हत्यारं फळीवर गेली पाहिजेत. एक जरी काळा आकार उघडा दिसला तरी कुणी हलायचं नाही. एकदा अर्ध्या इंचाची पटाशी सापडेना. चाळीसेक माणसं उकिडवी बसवली, झडत्या झाल्या, साहेब आले, शिव्या झाल्या. दोन तासांनी ती भुशाच्या ढिगात मिळाली. त्या रात्री घरी जेवताना मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याकडं अर्ध्या इंचाच्या पटाशीसाठी सगळा तुरुंग थांबतो. पण ज्याची बाहेर जायची तारीख उलटून गेली, त्याचा रिकामा आकार कुठल्या फळीवर दिसतो?

कारखान्यात यायचे ते पक्के कैदी, शिक्षा लागलेले. कच्च्यांना, म्हणजे खटला अजून चालू असलेल्यांना, कामाची सक्ती नाही. शिवाय आज कोर्टात, उद्या कदाचित जामिनावर, अशा माणसाच्या हातात रंधा द्यायची घाई कुणालाच नसते. मग तो बराकीत बसतो. वर्ष बसतो, तीन वर्षं बसतो. हे बसणारे किती? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची. आत असलेल्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे. म्हणजे नुसत्या कच्च्यांनीच जवळजवळ सगळी जागा भरते, शिक्षा झालेला बहुतेक प्रत्येक माणूस वरकड. आपल्या खात्याचं ब्रीद 'सुधारणा व पुनर्वसन'. ज्याचा गुन्हाच अजून ठरला नाही त्याला काय सुधारायचं, हे मला कुणी साहेबानं कधी समजावलं नाही. मीही विचारलं नाही. माझी टेबलं वेळेवर जात होती.

तर पहिलं काम हे कर. दोनशे पानी वही घे, सरकारी नको, तुझी स्वतःची. तुझ्या ताब्यातल्या प्रत्येक कच्च्या बाईचं नाव, कलम, त्या कलमाची जास्तीत जास्त शिक्षा, अटकेची तारीख. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तू परीक्षेपुरतं वाचलं असशील, आता पुन्हा वाच. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या माणसानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. बाकीच्यांना निम्म्या काळानंतर जामीन. फाशी-जन्मठेपेची कलमं वगळून, आणि एकाहून जास्त खटले असलेल्यांना वगळून. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, आणि आधीपासून आत असलेल्यांनाही हा लाभ द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्टमध्येच सांगितलं. पण यातली खरी मेख अशी की ती मुदत भरली की कोर्टाला लेखी अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानं करायचाय. कैद्यानं नव्हे, त्याच्या वकिलानं नव्हे. म्हणजे तुमच्या ऑफिसानं. तो कागद साहेबांच्या टेबलावर कुणीतरी नेऊन ठेवावा लागतो, आणि ते कुणीतरी तू हो.

त्या वहीत लाल शाईचा एक रकाना ठेव: जामीन मंजूर, पण सुटका नाही. अशी माणसं प्रत्येक तुरुंगात असतात, आणि कोर्टानं सोडलं म्हटल्यावर त्यांच्याकडं बघायचं सगळ्यांचं राहून जातं. जामीनदार नाही, ऐपतीचा दाखला नाही, सातबारा ज्याच्या नावावर तो भाऊ फोन उचलत नाही. हुकूम झाल्यावर सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आली: तेव्हा जामिनाला ४० हजारांपर्यंत, दंड भरता न आल्यानं अडकलेल्यांना २५ हजारांपर्यंत ठरले होते. पैसा आहे, समिती आहे. यादी पाठवणारं माणूस पाहिजे.

आता जे मला सांगायला जड जातं ते सांगतो.

माझ्या हाताखाली एक जण आठ वर्षं होता. नाव लिहीत नाही. आला तेव्हा त्याला खिळा सरळ ठोकता येत नव्हता, गेला तेव्हा कुसू असा बसवायचा की सांध्यात पोस्टकार्ड जायचं नाही. कोर्टाच्या खुर्च्या आमच्याकडंच व्हायच्या. त्यातल्या निम्म्या त्याच्या हातच्या. सुटताना मी त्याला प्रमाणपत्र दिलं. जाड कागद आणला, बोरूनं स्वतः लिहिलं, आणि वर ठळक अक्षरांत मध्यवर्ती कारागृहाचं नाव. खाली गोल शिक्का. मला कोण अभिमान!

दोन वर्षांनी एका फर्निचरच्या दुकानात तो दिसला. पॉलिशपेपर मारत होता. हेल्परच्या पगारावर. ज्या कारागिराच्या हाताखाली होता त्याचे सांधे बघून मला लाज वाटली. मालक बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, "मास्तर, तुमचा कागद फार देखणा आहे. पण दाखवायचा कुणाला?" तो त्यानं ट्रंकेत, बायकोच्या साडीच्या घडीत ठेवला होता. आठ वर्षं कुठं होतास म्हणून मालकानं विचारलं, तर सुरतेला गिरणीत होतो म्हणाला होता. गिरणीतल्या माणसाला सुतारकाम कसं येणार? म्हणून हात असूनसुद्धा हात लपवून काम करत होता.

माझ्या बोरूनं त्याची मजुरी निम्मी केली, वैशाली. त्यानंतर मी ऑफिसात भांडून भांडून एवढं करून घेतलं की प्रमाणपत्रावर बाहेरच्या परीक्षा मंडळाचं नाव यावं, आपलं नको. प्रत्येक वेळी जमलं नाही. तू शिवणाचा वर्ग काढशील, पार्लरचा काढशील, बायकांच्या विभागात हेच दोन सुचतात सगळ्यांना. काढ. पण पहिल्या दिवशी विचार की शेवटी जो कागद मिळेल त्यावर काय छापलेलं असेल. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी मला याच एका कारणानं आवडते. ती येरवड्यातून दिली काय आणि येवल्यातून दिली काय, कागद तोच.

दुसरी माझी चूक यापेक्षा वाईट. पारध्याचं पोर कारखान्यात आलं की त्याला मी हत्यारापासून लांब ठेवायचो. झाडू दे, भुसा भर, फळ्या उचल. वरून हुकूम नव्हता. मीच. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, माझ्या जन्माच्या आधी, तरी माझ्या हातात तो होताच. सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर कामं वाटणारी कलमं रद्द केली, रजिस्टरातला जातीचा रकानाही काढायला सांगितला. निकाल पेपरात वाचला तेव्हा मी निवृत्त होऊन बसलो होतो. रकाना जाईल. पण तुझ्या विभागात स्वयंपाकाला कोण आणि संडासाला कोण, हे महिनाभर रोज सकाळी स्वतः जाऊन बघ.

बायकांकडचं मी भिंतीपलीकडून पाहिलं तेवढं लिहितो. मुलाकतीच्या खिडकीशी पुरुष कैद्याला भेटायला आई येते, बायको येते, पोरं येतात. बाईला भेटायला आली तर आईच येते. नवरे फार थोड्यांचे दिसले. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ ठेवता येतं. त्यानंतर ते कुठं जाणार, हा प्रश्न पाचव्या वर्षीच हातात घे, सहाव्या वाढदिवसाला नको. 'गळाभेट' असते तेव्हा काचेशिवाय, इंटरकॉमशिवाय लेकरू मांडीवर बसतं. त्या दिवशी घड्याळाकडं बघणारी अधिकारी होऊ नकोस. फोटोवाल्यालाही जरा बाजूला उभा कर. आपल्याकडं योगाचा दिवस, भजनाची स्पर्धा, पाहुण्यांचं भाषण असलं की सगळं खातं धावतं. मी त्यांच्या विरुद्ध नाही, भजनात मीही टाळ धरलाय. फक्त संध्याकाळी त्यांतल्या किती बायकांना आपली पुढची तारीख माहीत आहे, तेवढं विचारून बघ.

पैशाचंही बघ. राज्य सहकारी बँकेनं १ मे २०२२ ला येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना काढली: कैद्याला ५० हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी, फेड त्याच्या आतल्या मजुरीतून. आतून पोरीची फी भरणाऱ्या बापाला घरात अजून जागा असते. सुटल्यावर माणूस टिकतो तो बहुधा अशा जागेवर. बाईच्या बाबतीत ही जागा फार लवकर भरून जाते, म्हणून तिला आधी हाताशी धर.

आवाजाबद्दल एक. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत आवाज चढतो आणि मग घरीही उतरत नाही. माझा उतरायला तुझ्या मामीची वीस वर्षं गेली. ती आता हे वाचत असती तर "अजून कुठं उतरलाय" म्हणाली असती.

प्रशिक्षणाला जाण्याआधी एक दिवस इकडं ये. आटपाडीजवळ कैद्यांचं स्वतंत्रपूर आहे. औंधच्या राजानं १९३९ साली वसवलेलं. मॉरिस फ्रीडमन म्हणून एक पोलंडचा इंजिनिअर होता, भारतानंद म्हणायचे त्याला, त्याच्या डोक्यातली कल्पना. भिंत नाही. कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला तो यावरूनच, आणि लिहिला आपल्या शेटफळ्याच्या गदिमांनी. लोक सिनेमाबद्दल बोलतात. मला तिथं दुसरंच बघायला आवडतं: दारं. आठ-दहा वर्षं दुसऱ्यानं उघडलेल्या दारातून जाणारा माणूस इथं येतो तेव्हा पहिले काही दिवस स्वतःच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहतो. बायको आतून म्हणते, या की. मग तो कडीला हात लावतो.

ते तू वर्दी अंगावर चढायच्या आधी बघावंस असं वाटतं. येताना ती दोनशे पानी वही घेऊन ये, रकाने मी आखून देतो. माझ्याकडं अजून चांगली पट्टी आहे, सागाची, कागद साडीच्या घडीत ठेवणाऱ्यानंच केलेली. रविवारी सकाळच्या एसटीनं निघ. मी आटपाडीच्या स्टँडवर असेन.

तुझा,
मामा