तारखेचा काय दोष?

जर्मनीत ९ नोव्हेंबरला 'नियतीचा दिवस' म्हणतात. १९१८ साली याच दिवशी कैसरची राजवट कोसळली, १९२३ साली म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव पोलिसांच्या गोळीबारात फसला, १९३८ साली देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळे पेटली आणि १९८९ साली बर्लिनची भिंत खुली झाली. एवढे ऐकले की पंचांगाला हात न लावणारा माणूसही क्षणभर ग्रहताऱ्यांकडे बघतो.

मला मात्र यात नियतीपेक्षा वर्धापनदिनांची हौस जास्त दिसते. फसलेल्या उठावाची आठवण म्हणून जुने नाझी दरवर्षी म्युनिकला जमत. १९३८ सालीही ते जुन्या टाउन हॉलमध्ये जेवायला बसले होते. दोन दिवसांपूर्वी पॅरिसमध्ये एका ज्यू तरुणाने गोळ्या घातलेला जर्मन अधिकारी फोम राथ दगावल्याची बातमी तिथेच येऊन धडकली. देशभरचे पुढारी आयतेच एका छपराखाली! गोबेल्सने भाषण ठोकले आणि पुढाऱ्यांनी तिथूनच आपापल्या गावी फोन फिरवले. पुढे सुमारे ३०,००० ज्यू पुरुष पकडले गेले. तारीख जुळली, कारण माणसे तारीख धरून जमली होती.

हे एका सुतारकाम जाणणाऱ्या माणसाने नेमके हेरले होते. उठाव जिथून सुरू झाला होता, त्याच म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये हिटलर दरवर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री बोलतो, हे गेऑर्ग एल्सरला ठाऊक होते. १९३९ साली कित्येक रात्री तो तिथे लपून राहिला आणि व्यासपीठामागचा खांब गुडघे टेकून पोखरत राहिला. बॉम्ब ठरल्या वेळी, ९ वाजून २० मिनिटांनी फुटला. पण धुक्यामुळे विमान टाळून रेल्वेने परतायचे म्हणून हिटलर १३ मिनिटे आधीच निघून गेला होता. आठजण मेले. नियती म्हणायचेच असेल, तर ते या धुक्याला म्हणावे.

१९८९ ची गोष्ट साफ वेगळी. तो निव्वळ सरकारी घोळ. प्रवासाचे नवे नियम दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचे होते, हे पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता शाबोव्स्की याला नीट माहीत नव्हते. कधीपासून लागू, असे पत्रकारांनी विचारताच त्याने कागद चाळले आणि लगेच, असे सांगून टाकले. बर्लिनकर नाक्यांवर लोटले. जुन्या तीन घटनांशी याचा काडीचा संबंध नव्हता.

आपल्याकडे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळक गेले, त्याच दिवशी असहकार चळवळ सुरू झाली आणि वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. यात कार्यकारणभाव शोधायला जाऊ नये. पण आता शाळाशाळांत टिळक आणि अण्णा भाऊंच्या तसबिरी शेजारी-शेजारी ठेवतात, एकच मूल दोघांवर भाषण करते. योगायोगाने न जोडलेले नाते अशा कार्यक्रमांनी जुळू लागते, आणि ते मला काही वाईट वाटत नाही.

जर्मनांनी मात्र ९ नोव्हेंबरला राष्ट्रीय दिन केले नाही. भिंत उघडल्याचा आनंद आणि १९३८ चा शोक एकाच दिवशी कसा पाळायचा? त्यांनी १९९० मधल्या एकीकरणाची तारीख घेतली, ३ ऑक्टोबर.