दिसण्याचं काय एवढं?

मामाच्या जबड्यातली गाठ काढायची ठरली तेव्हा डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. हनुवटीकडचं हाड जाणारच होतं. छातीवरचं मांस वर फिरवून तिथली जखम बुजवायची, हा एक मार्ग. नाहीतर पोटरीतलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढायचं, तुकडे करून कमानीसारखं बसवायचं आणि मायक्रोस्कोपखाली मानेतल्या शिरांना जोडायचं. न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यांनी जबड्यासाठी ही रीत १९८९मध्ये मांडली. चालताना भार नडगीचं हाड पेलतं, म्हणून हे दुसरं काढता येतं. पण ऑपरेशन लांबतं, खर्च वाढतो.

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या घरी बैठक बसली. "खाता आलं म्हणजे झालं, दिसण्याचं काय एवढं?" हे वाक्य माझं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात आधी चालतंय ना ते बघतात, दिसणं पुढच्या रिलीजला. पहिला मार्ग ठरला. मामाला कुणी विचारलंच नाही.

हनुवटीचा आधार गेला की खालचा ओठ ओघळतो, लाळ गळते. म्हणजे खाण्याचा हिशेबही चुकलाच. आणि पंगतीत चार माणसांत जेवणं, हे 'चालणं' की 'दिसणं'?

१७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाची हकिकत आली होती. तो इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नाक लावलं. नाकाशिवाय श्वास चालतो, गाडीही हाकता येते. तरी तो भुलीशिवाय कपाळ चिरून घ्यायला बसला.

बैठकीत एक गोष्ट कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होती: तंबाखू कुणी खाल्ली? हाच जबडा उसातल्या बिबट्याने फाडला असता, तर आम्ही वावर गहाण टाकून पुण्यातला सगळ्यात मोठा सर्जन गाठला असता. जखम तीच, माणूस तोच. चेहरा परत द्यायचा की नाही हे आम्ही त्याच्या चुकीवरून ठरवलं आणि त्याला काटकसर म्हटलं.

२०२०मध्ये सगळ्यांच्याच तोंडावर मास्क आले. तेव्हा मामा कितीतरी दिवसांनी स्वतः टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात जायला लागला. मास्क सुटले तसा पुन्हा घरी बसला.

गेल्या दिवाळीत उपरण्याआडून त्याने विचारलं, "ते पायाचं हाड आता बसतं का रे?" रेडिएशन झालेल्या जागी शिरा जोडणं अवघड असतं, पण करतात. मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. या खेपेला बैठक बोलावलेली नाही.