परदेशचा पैसा आणि घरचें ऋण

परदेशीं गेलेल्या माणसानें नियमानें घरीं पैसा पाठविला, म्हणजे तो ऋणमुक्त झाला काय? पोटासाठीं देशांतर करणें मराठी माणसास नवें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून करारावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांत मराठी कुटुंबेंहि होतीं. परंतु आज या पैशाचा ओघ एवढा वाढला आहे कीं, त्याच्या कौतुकांत हा मूळ प्रश्न कोणी विचारीनासें झालें आहे.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणें २०२३-२४ सालीं परदेशांतून देशांत आलेल्या अशा रकमेपैकीं २०.५ टक्के एकट्या महाराष्ट्रांत आली. केरळचा वांटा १९.७ टक्के होता. २०१६-१७ सालीं पैसा पाठविणाऱ्या देशांत संयुक्त अरब अमिराती पहिल्या होत्या. २०२३-२४ मध्यें २७.७ टक्क्यांनीं अमेरिका पहिली आली. म्हणजे गवंडी-सुतारांच्या जोडीस आतां इंजिनियर व डॉक्टर अधिकाधिक येऊं लागले आहेत.

या आंकड्यांचा अर्थ आम्हांस खारघरास राहिल्यावर उमगला. संध्याकाळीं सेंट्रल पार्ककडे फिरावयास जावें, तों बांकांवरचे वृद्ध एकमेकांस विचारतात, “तुमच्या मुलाकडे आतां किती वाजले?” आमच्या ओळखीच्या एका घरीं मुलगा व सून अमेरिकेंत आहेत. घराचे हप्ते फिटले. औषधपाण्याची ददात नाहीं. अंथरुणास खिळलेल्या आईजवळ रात्रीं बसावयास मात्र विदर्भांतून आलेली एक बाई असते. तिचीहि आई गांवीं आजारी आहे. “तिच्याजवळ रात्रीं कोण असतें?” असें आम्हीं एकदां विचारलें. “शेजारीण,” एवढेंच ती म्हणाली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनें या व्यवहारांत सर्वांचाच लाभ झाला. मुलास पगार मिळाला, आईस शुश्रूषा मिळाली, बाईस वेतन मिळालें. शेजारणीचें जागरण तेवढें कोणत्याच वहींत मांडलें गेलें नाहीं. जी गोष्ट घराची, तीच देशाची. मुलगा शिकला तो बहुधा लोकांच्या करांतून चालणाऱ्या संस्थांत. त्यानें पाठविलेला पैसा येतो तो मात्र स्वतःच्या घरांत. हें ओळखूनच मुंबईंत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनीं १९७० नंतरच्या दशकांत असें सुचविलें कीं, शिकून परदेशीं गेलेल्यांच्या उत्पन्नावर कर बसवून तो मागें राहिलेल्या देशांच्या उन्नतीस लावावा.

यावर कोणी म्हणेल, माणूस ही देशाची मालमत्ता नव्हे. हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परदेशीं जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यांतच मोडतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं दिला, तो योग्यच होय. शिवाय जाणारे सारेच सारखे ऋणी नसतात. दहावी न झालेला मजूर आखातांत जातो, तो पुष्कळदां कर्ज काढूनच. परवानाधारक एजंटाच्या शुल्कास नियमानें तीस हजार रुपयांची मर्यादा आहे. पण बिनपरवान्याचा दलाल ती कशास पाळील? अशा मजुरावर देशानें खर्च केला थोडा, आणि तो मात्र पोटास चिमटा घेऊन घरीं पैसा धाडतो. येथें ऋणको देश आहे, मजूर नव्हे.

प्रश्न उरतो तो शिकलेल्याचा. किंमत आणि ऋण यांतील भेद त्यास समजावयास खारघरची जमीनच पुरे आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठीं या भागांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यांत आल्या. मोबदला दिला, हिशेब मिटला, असें सरकारास वाटलें. शेतकऱ्यांस तसें वाटलें नाहीं. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरण तालुक्यांत झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच जणांनीं प्राण गमावले. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. एकदां किंमत चुकती केली, तरी ज्यानें मूळ वस्तु दिली त्याचा पुढील भरभराटींतील वांटा बुडत नाहीं, हें त्या तत्त्वाचें मर्म आहे.

आईच्या औषधाचा पैसा ही किंमत झाली. ज्या शाळेनें आपणांस घडविलें ती, आपल्या जागीं रात्र काढणारी ती बाई, आणि तिच्या जागीं बसणारी ती शेजारीण, यांचा वांटा अजून द्यावयाचाच आहे. कायद्यानें तो वसूल व्हावा, असें आम्ही म्हणत नाहीं. तो ज्याचा त्यानें ओळखावा. आमच्याहि घराचे हप्ते तिकडच्या पैशानेंच फिटले आहेत, त्यामुळें हा उपदेश दुसऱ्यास करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पुढच्या महिन्याचे पैसे येतील, तेव्हां पोंच कळवितांना त्या शेजारणीची हकीकतहि मुलास लिहावी, असें आम्हीं ठरविलें आहे.