तारण विकल्यानंतर उरणारे ऋण

गहाण ठेवलेले घर लिलावात विकले गेले आणि आलेल्या रकमेतून कर्ज पुरते फिटले नाही, तर उरलेली तूट ऋणकोकडून, म्हणजे कर्ज घेणाऱ्याकडून, व्यक्तिशः वसूल करण्याचा अधिकार धनकोला असावा काय, हा प्रश्न वरकरणी कायद्याचा असला तरी त्याच्या मुळाशी ऋण नेमके कोठे वसते हा धर्मचिंतनाचा प्रश्न आहे. ते वस्तूत वसत असेल तर वस्तूबरोबर संपले पाहिजे. दिलेल्या शब्दात वसत असेल तर वस्तू गेल्यावरही ते उरते.

भारतीय कायद्याचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार साध्या गहाणात ऋणको फेडीसाठी स्वतःला व्यक्तिशः बांधून घेतो, आणि 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 34, नियम 6 प्रमाणे अशी बाकी वसुलीयोग्य असल्यास न्यायालय तिच्यासाठी हुकूमनामा करू शकते. न्यायालयात न जाता तारण विकण्याची मुभा बँकांना देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्यानेही कलम 13(10) मध्ये उर्वरित रकमेसाठी कर्ज वसुली न्यायाधिकरणाची वाट मोकळी ठेवली आहे.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात हा विचार अधिक खोलवर गेलेला दिसतो. तेथे तारणाला ‘आधि’ म्हटले आहे, आणि सामान्य नियम असा की ऋण वाढून दुप्पट झाले तरी आधि सोडवला नाही, तर ऋणकोचा त्यावरील हक्क संपतो. फळ उपभोगण्यासाठी दिलेला आधि मात्र याला अपवाद आहे. त्याच प्रकरणात असेही सांगितले आहे की नीट सांभाळूनही आधि निःसत्त्व झाला, तर ऋणकोने दुसरा आधि द्यावा किंवा धनकोचे धन परत करावे. म्हणजे तारणाचे मोल ओसरले म्हणून ऋण ओसरत नाही. याहून महत्त्वाची संकल्पना ‘चरित्रबंधक’ ही होय. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांनी तिचे विवरण असे केले आहे की ऋणकोच्या सचोटीवर विसंबून धनकोने अल्प मोलाच्या आधीवर मोठी रक्कम दिली, किंवा धनकोच्या सचोटीवर विसंबून ऋणकोने थोड्या रकमेसाठी मौल्यवान वस्तू ठेवली, तर ऋण दुप्पट झाले तरी आधि बुडत नाही, धनच व्याजासह फेडावे लागते. येथे बंधन चारित्र्याचे आहे आणि ते दोघांवरही आहे: एकीकडे तुटीची जबाबदारी ऋणकोवर येते, तर दुसरीकडे थोड्या कर्जापायी त्याची मोठी वस्तू गिळंकृत होत नाही.

आधुनिक व्यवहारात निसटते ती ही दुसरी बाजू. अमेरिकेत 1930 च्या दशकातील महामंदीत घरांना गिऱ्हाईक उरले नव्हते, तेव्हा कित्येकदा धनको स्वतःच एकमेव बोली लावून मालमत्ता नाममात्र किमतीत घेत आणि वर तुटीचा हुकूमनामाही मिळवीत, म्हणजे घर आणि कर्ज दोन्ही त्यांच्याच पदरी पडे. त्यावर न्यूयॉर्कने लिलावाची बोली नव्हे तर मालमत्तेची वाजवी बाजारकिंमत कर्जातून वजा करण्याचा नियम केला, जो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1939 मध्ये ग्राह्य धरला. कॅलिफोर्नियाने 1933 मध्ये खरेदीपोटी राहिलेल्या कर्जावर तुटीची मागणीच नाकारली. यात वचनभंगाला दिलेली सूट पाहणे चुकीचे आहे, कारण तारणाचे मूल्य ठरवून पैसे देणाऱ्यानेही एक निर्णय घेतलेला असतो आणि त्या निर्णयाची चूक सर्वस्वी ऋणकोच्या माथी मारणे हा अधर्मच होय.

भारतात सरफेसी नियमांनुसार विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून मूल्यांकन करून राखीव किंमत ठरवावी लागते, आणि तीहून कमी किमतीत विकायचे तर ऋणकोचीही संमती लागते. हे संरक्षण मोलाचे असले तरी कलम 13(10) तुटीचा हिशेब विक्रीतून आलेल्या रकमेवरच करते, वाजवी किमतीवर नाही, आणि ही उणीव भरून काढणे न्यायाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

ऋण शब्दात वसते हे मान्य केले तरी त्याला सीमा असते, हेही परंपरेनेच शिकवले आहे. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येत नाही हा ‘दामदुप्पट’ नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंना लागू केला. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य मानणाऱ्या धर्मशास्त्रानेही मद्य आणि द्यूत यांपायी झालेले ऋण त्यातून वगळले होते. पुढे 2005 च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने, केवळ त्या पवित्र कर्तव्याच्या आधारे पुत्रावर दावा लावण्याचा धनकोचा हक्क नव्या कर्जांपुरता संपवला, आणि तूट आता वारसाकडे येते ती त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच.